पेडल नोट म्हणजे तंबोऱ्याचा सा नव्हे

पेडल नोट, म्हणजे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलत असताना धरून ठेवलेला एकच स्वर. तो म्हणजे गिटारवरचा तंबोरा, असं कुणीतरी लिहिलं होतं. मला ते निम्मं पटलं. स्वर धरून ठेवायचा हे दोन्हीकडे सारखंच, पण तंबोऱ्यावर कॉर्ड बदलत नाही आणि पेडलची सगळी गंमत तिथेच आहे. पाचवी तार (ए) मोकळी वाजती ठेवा, सहावीला नुसतं बोट टेकवून ती बंद ठेवा आणि वर ए, डी, ई, परत ए अशा कॉर्ड घ्या. खालचा स्वर तोच, पण ए मध्ये तो मूळ स्वर, डी मध्ये पंचम, आणि ई मध्ये तर कॉर्डमध्येच नाही! तिथे तो ई कॉर्डमधल्या जी शार्पशी अर्ध्या स्वरावर भांडतो. परत ए आली की तो ताण सुटतो.

आमच्या मिरजेत तंबोऱ्यांना तोटा नाही. बहिणीचा तंबोरा पांढरी सहाला (पेटीची सहावी पांढरी पट्टी), म्हणजे ए लाच, लागतो. त्यावर मी या कॉर्ड वाजवल्या. ए, डी ला ती गुणगुणत होती. ई येताच थांबली, "सा बोचतोय" म्हणाली. तेच बोचणं गिटारवाल्याला हवं असतं. आणि पेडल खालीच हवा असंही नाही, पहिली (सगळ्यात बारीक) तार मोकळी ठेवून खाली कॉर्ड बदलून बघा, फार सुंदर लागतं.