दुष्टाचा 'आदर' करता येतो का? (आदर, मान, प्रीती, पांघरूण)

शुद्धलेखन_ऐरोली

मंडळी, एका वाक्यापाशी चार दिवस अडले आहे. मी मुद्रितशोधनाची कामं घेते. सध्या हातात आहे ती ठाण्यातल्या एका चर्चच्या तरुण मुलांसाठी केलेली छोटी पुस्तिका, इंग्रजीवरून मराठीत आणलेली. त्यात एक वाक्य असं: 'दुष्कृत्य करणाऱ्या माणसावरही प्रेम करावे व त्याचा आदर करावा.'

मी ख्रिस्ती नाही. शत्रूवर प्रेम करा ही शिकवण ऐकून माहीत आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. मला खटकतो तो 'आदर'. मराठीत आदर कोणाबद्दल वाटतो? शाळेतल्या बाईंबद्दल, आजोबांबद्दल, भर पावसात मॅनहोलशी उभं राहून लोकांना बाजूने काढणाऱ्या कामगाराबद्दल. त्या माणसात काहीतरी दिसतं म्हणून तो वाटतो. ज्याने विधवेची पेन्शन लुबाडली त्याचा 'आदर करावा' हे वाचताना जीभच अडते. शब्द चुकलाय की माझी समजूत तोकडी आहे?

सेक्टर_सतरा

शब्द चुकलाय. 'मान' करा आणि फाईल पाठवून द्या.

शुद्धलेखन_ऐरोली

मान केलं तर 'मान करावा' होईल का? मान देतात, राखतात, ठेवतात. करतात तो मानपान, तोही लग्नात.

खारेगावचा_जावई

ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मराठी बायबलमध्येच आहे. आमचं घराणं मूळ जालन्याकडचं, तीन पिढ्यांचं मराठी प्रॉटेस्टंट. घरात पोथीसारखी वाचून झिजलेली प्रत आहे. तिच्यात पेत्राच्या पहिल्या पत्रात (2:17) आहे: 'सर्वांना मान द्या.' आणि त्याच ओळीच्या शेवटी, 'राजाचा मान राखा.' मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच क्रियापद आहे, तिमाओ. राजा म्हणजे रोमचा बादशहा, आणि त्या काळच्या ख्रिस्ती माणसाला बादशहाकडून लाड होत नव्हते. तरी बादशहाला जो शब्द, तोच 'सर्वांना'. त्या 'सर्वां'मध्ये गुलाम आले, शेजारी आले, आणि चोरही आलेच.

यातला 'आदर' गुणाला मिळणारा नव्हे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने माणूस आपल्या 'प्रतिरूपाचा' केला असं आहे. नाणं गटारात पडलं म्हणून त्यावरचा छाप पुसला जात नाही, असं आमचे आजोबा सांगायचे. याकोबाच्या पत्रात (3:9) तर सरळ तक्रारच आहे, की ज्या तोंडाने देवाचा धन्यवाद करता त्याच तोंडाने त्याच्या प्रतिरूपाच्या माणसांना शिव्याशाप देता.

शुद्धलेखन_ऐरोली

हे आवडलं. आता मला व्याकरणातली एक गोष्ट दिसते आहे, बघा पटते का.

मराठीत 'आदर वाटतो'. 'मला त्याच्याबद्दल आदर वाटतो', इथे मी काही करत नाही, ते मला होतं. जसं भूक लागते, राग येतो, वीट येतो. 'मान देतो', 'मान राखतो' यात मात्र करणारी मी. वाटण्यावर हुकूम चालत नाही. 'उद्यापासून तुला त्या पेन्शन लुबाडणाऱ्याबद्दल आदर वाटू दे' असं कोणी सांगू शकत नाही. 'त्याचा मान राख' असं मात्र सांगता येतं. प्रेमाचंही तेच. प्रेम 'वाटतं', 'बसतं', 'जडतं'. आज्ञा करायची तर 'करा' म्हणावं लागतं, आणि बायबलने 'वैऱ्यांवर प्रीती करा' असंच म्हटलंय (मत्तय 5:44). म्हणजे शिकवण करण्याची आहे, वाटण्याची नाही. मराठी क्रियापदांनी आपोआप वाट काढून दिली की!

खारेगावचा_जावई

बरोबर आहे, आणि ग्रीकमधला शब्द अगापे असल्यामुळे पुष्कळ उपदेशक अगदी हेच सांगतात, की ही प्रीती म्हणजे दुसऱ्याचं भलं करायचा निश्चय, जीव जडणं नव्हे. त्याच अध्यायात पुढच्याच ओळीत दाखला आहे: देव वाइटांवर आणि चांगल्यांवर सारखाच सूर्य उगवतो, सारखाच पाऊस पाडतो. पावसाला काही वाटत नाही, तो पडतो.

(जुलैतल्या ठाण्याला हा दाखला वेगळा समजावून सांगायला नको. कळव्याच्या पुलावर बिल्डर आणि भाजीवाली एकाच धारेखाली भिजतात.)

पण तुमचं व्याकरण मला पूर्ण पटत नाही. रोमकरांस पत्रात (12:9) 'प्रीती निष्कपट असावी' असंही आहे. हात मदत करतोय आणि मन शिव्या देतंय, हे तिथे चालत नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी क्षमा 'मनापासून' मागितली आहे. 'फक्त करा, वाटलं नाही तरी चालेल' ही सवलत तुम्ही मराठीतून देताय. ग्रंथ ती देत नाही.

मासुंदा

आमच्याकडे (ठाण्याचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक, घर तलावपाळीपासून चालत) प्रीती हा शब्द फक्त चर्चमध्ये. घरात माया. 'वैऱ्यावर माया कर' म्हटलं तर आमची आजी खेटर काढेल 😀

'प्रीती'ची गंमत अशी की बाहेर तो शब्द सिनेमाच्या गाण्यात गेला आणि चर्चमध्ये शंभर वर्षांपूर्वी होता तिथेच राहिला. मुलं वर्गात 'वैऱ्यांवर प्रीती' वाचतात आणि खुदखुदतात. पुस्तिकेत 'प्रेम' घेतलंय ते त्यासाठीच असणार.

आदराबद्दल एक. मराठीत खरा मान शब्दात नसतोच, तो अहो-जाहोत असतो. पेपर बघा. 'मंत्री म्हणाले', 'डॉक्टरांनी सांगितले', आणि लगेच खाली 'आरोपीने कबुली दिली, त्याला अटक करण्यात आली'. कोर्टाचा निकाल लागायच्या आधीच अनेकवचन गेलेलं असतं. मग दुष्टाला मान देणे म्हणजे त्याला 'अहो' म्हणणे का? मी काही म्हणणार नाही बुवा.

खारेगावचा_जावई

मासुंदा, मग हे बघा. येशूचाच शिष्य यहूदा इस्कार्योत त्याला पकडून द्यायला येतो, मुका घेतो, तेव्हा आमच्या प्रतीत येशू त्याला म्हणतो, 'गड्या, ज्यासाठी आलास ते कर.' अहो नाही, अरेही नाही. गड्या! ग्रीकमध्ये तिथे जिवलग मित्राचा शब्द नाही, सोबत्याचा आहे. भाषांतर करणाऱ्याने 'मित्रा' न घेता 'गड्या' घेतलं त्याला माझा दंडवत. गडी म्हणजे खेळातला सोबती. एकत्र वाढलो, एकत्र जेवलो, एवढं त्यात येतं. तुझ्यावर विश्वास आहे, असं त्यात कुठेही येत नाही.

काळ_सोकावतो

सगळं छान चाललंय, पण नाव वाचा माझं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही. दुष्टाला मान, दुष्टाला प्रीती, आणि ज्याचं घर बुडालं त्याला काय? आमच्या तुकोबांनी स्पष्ट सांगून ठेवलंय, 'भले तरी देऊं कासेची लंगोटी । नाठाळाचि काठी देऊं माथां'. मराठी माणसाला एवढं पुरे.

खारेगावचा_जावई

पुरे नाही. ज्ञानोबाही मराठीच. 'जे खळांची व्यंकटी सांडो'. 1290 मधली ओळ आहे, आणि शब्दचर्चेच्या दृष्टीने तिच्याइतकी नेमकी ओळ मला दुसरी माहीत नाही. खळ नाहीसे होवोत असं मागणं नाही. त्यांची व्यंकटी, वाकडेपणा, तेवढा गळून पडो. पुढे 'तयां सत्कर्मीं रती वाढो'. 'तयां' म्हणजे त्याच खळांना.

पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने एका पत्रात जवळजवळ हीच फोड केली आहे: माणसांवर प्रेम राखून दोषांचा द्वेष. गांधीजींच्या आत्मकथेत 'पापाचा तिरस्कार करा, पाप्याचा नको' या अर्थाचं जे येतं, ते लोक बायबलचं वचन म्हणून सांगतात. बायबलमध्ये तसं वाक्य नाही. आमच्या चर्चमध्येही निम्म्यांना ते आहे असं वाटतं.

नेरूळ_पूर्व

मी या चर्चेत नुसती वाचत होते. पण 'काळ सोकावतो' यांना उत्तर द्यावंसं वाटलं, आणि खारेगावच्या दादांनाही.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा तिला मारायचा. ती ख्रिस्ती घरात दिलेली. तिथल्या एका वडीलधाऱ्याने तिला बसवून सांगितलं, 'प्रीती पापांची रास झाकून टाकते.' म्हणजे काय, तर बाहेर बोलू नकोस. ती अडीच वर्षं बोलली नाही. हे वाक्य खरंच आहे का तिथे, हे मला विचारायचं होतं.

खारेगावचा_जावई

ताई, वाक्य आहे. पेत्राचं पहिलं पत्र, 4:8. त्याचा असा वापर झाला याची आम्हालाच लाज वाटली पाहिजे.

मराठीत 'पांघरूण घालणे' हा वाक्प्रचार वाईट अर्थाने चालतो, भानगडीवर पांघरूण घालतात. ग्रंथातलं 'झाकणे' वेगळं आहे. ज्याचा अपराध झाला त्याने बदल्याची यादी न ठेवणं, एवढंच. करिंथकरांस पहिल्या पत्रात तेराव्या अध्यायात प्रीती 'अपकार स्मरत नाही' आहे, तिथलं ग्रीक क्रियापद हिशेबाच्या वहीतलं आहे, नावे मांडणे. पण स्वतःच्या वहीतून खोडणं हे ज्याचं त्याने करायचं. तिसऱ्याने येऊन मार खाणाऱ्या बाईची वही बंद करणं याला मराठीत नेमका शब्द आहे: पाठीशी घालणे. प्रीतीही झाली आणि पाठीशीही घातलं, असं होत नाही. तेच तेरावं पुढे सांगतं की प्रीती अनीतीत आनंद मानत नाही.

ती आता कशी आहे?

नेरूळ_पूर्व

घणसोलीत असते. स्वतःचं पार्लर आहे. पोलिसात तक्रार केली तेव्हा सोबत कोण आलं माहिती आहे का? चर्चमधलेच दुसरे एक काका. केस चालू असताना तेच काका त्या नवऱ्यालाही दर महिन्याला भेटायला जायचे. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग यायचा. एकदा तोंडावर विचारलं, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने? म्हणाले, 'मी त्याला पाठीशी घातलं नाही. पाठ पण फिरवणार नाही.' मला अजूनही ते पूर्ण पटलेलं नाही, पण शब्द लक्षात राहिले.

काळ_सोकावतो

तक्रार केली ना? मग माझं काही म्हणणं नाही. काकांना नमस्कार सांगा.

मासुंदा

यावरून राणी मारिया आठवल्या. केरळच्या सिस्टर, मध्य प्रदेशात इंदूरकडे शेतमजुरांना सावकारांपासून सोडवण्याचं काम करायच्या. 25 फेब्रुवारी 1995 ला बसने जात असताना त्यांना भोसकून मारलं. त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टरच, 2002 मध्ये तुरुंगात गेली आणि मारेकऱ्याला राखी बांधली. 2017 मध्ये इंदूरला राणी मारियांना चर्चने 'धन्य' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी.

इथे 'आदर' शब्द बसतो का? मला वाटतं तिने यातला एकही शब्द वापरला नाही. एक नातं वापरलं. भाऊ म्हटल्यावर आदर, मान, प्रेम वेगवेगळं सांगत बसायला लागत नाही. भाऊ वाईट निघाला तरी भाऊच असतो, आणि तुरुंगातही जातो.

तुरुंगावरून आठवलं. आपला ठाण्याचा किल्ला हाच तुरुंग आहे हे नव्याने राहायला आलेल्यांना सांगितलं की दचकतात.

सेक्टर_सतरा

विषय लांबला. ताईंना वाक्य पाहिजे, इतिहास नाही. 'प्रतिष्ठा' का नको? संविधानाच्या उद्देशिकेत 'व्यक्तीची प्रतिष्ठा' आहे, प्रत्येक शालेय पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली. कॅथलिक चर्चने 2018 मध्ये फाशीबद्दलची शिकवण बदलली, तेव्हा कारण हेच दिलं होतं, की घोर गुन्ह्यानंतरही माणसाची प्रतिष्ठा जात नाही. 'त्याची प्रतिष्ठा जपावी' करा.

शुद्धलेखन_ऐरोली

अर्थ तंतोतंत. पण पंधरा वर्षांच्या मुलाला 'गुंडाची प्रतिष्ठा जपा' म्हटलं की नगरसेवकाचं पोस्टर डोळ्यासमोर येईल. प्रतिष्ठित म्हणजे आपल्याकडे पैसेवाला.

तर मी असं करून पाठवलं: 'दुष्कृत्य करणाऱ्यावरही प्रीती करावी, त्याला माणूस मानावे; पण त्याच्या दुष्कृत्याला पाठीशी घालू नये.' शेवटचा तुकडा मुळात नव्हता. तो नेरूळच्या ताईंच्या बहिणीसाठी. चौकटीत टाकलाय, लेखकांनी काढायचा तर काढावा.

'माणूस मानावे' कसं सुचलं ते सांगते. 'मी त्याला मानतो' म्हटलं की मराठीत कौतुक होतं, 'मानलं बुवा!' मध्ये 'माणूस' घातला की कौतुक जातं आणि फक्त ओळख उरते. मान आणि मानणे दोन्ही एकाच मन् धातूचे, म्हणून मूळ शब्दापासून फार लांबही गेले नाही.

खारेगावचा_जावई

उत्तम. फक्त एक काडी टाकून जातो. तुम्ही वर लिहिलंत की वीट 'येतो', त्यावर हुकूम चालत नाही. मघाच्या त्याच ओळीत, रोमकरांस 12:9, 'प्रीती निष्कपट असावी'च्या लगेच पुढे काय आहे माहिती आहे? 'वाईटाचा वीट माना.'

शुद्धलेखन_ऐरोली

वीट माना?! थांबा, वीट मानणे कोशात आहे का ते बघून सांगते.