वर्टमध्ये (बियर व्हायच्या आधीचं माल्टचं गोड पाणी) ऑक्सिजन सोडायचं खूळ कशाला? आपल्या सोलापुरात तर आधी बर्फ बघा

सातरस्ता_ब्रू:
हल्ली घरी बियर करणाऱ्या प्रत्येकाला ऑक्सिजनचा सिलेंडर पाहिजे झालाय. ड्राय यीस्टचं पाकीट वापरत असाल तर काही गरज नाही, स्पष्ट सांगतो. ते यीस्ट कारखान्यातच भरपूर हवेवर वाढवलेलं असतं, स्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिडचा साठा पोटात घेऊनच येतं, आणि वर्टमधला ऑक्सिजन तरी कशाला लागतो, त्याच गोष्टी तयार करून पेशीचं आवरण बांधायला. ते पैसे बर्फावर घाला. मे महिन्यात बाहेर 42-43 डिग्री, टाकीतलं पाणी तापलेलं, त्यावर चिलर (पाणी फिरवून वर्ट गार करायची नळी) डोंबलाचं उकळलेलं वर्ट 20 डिग्रीला आणणार!

कडकभाकरी:
बर्फाचं पटलं, बाकीचं नाही. तुमचं पाकिटाचं गणित पहिल्या बॅचपुरतं. मी तळाला बसलेला यीस्टचा गाळ जपून पुढच्या बॅचला घालतो, दर वेळी महागाचं यीस्ट कोण मागवतंय. त्या यीस्टचा साठा वाढता वाढता वाटून संपलेला असतो, हवा दिली नाही की सुरुवातच रखडते नाहीतर शेवटी बियर गोडसर राहून अडकते. आणि वर्ट जितकं गरम तितका ऑक्सिजन कमी मावतो, म्हणजे आपल्याकडं उलट जास्तच लक्ष द्यायला पाहिजे.

सातरस्ता_ब्रू:
मग हलवा की लका! गार झालेला कॅन झाकण लावून पाच मिनिटं दणकून हलवला की ऑक्सिजन 8 पीपीएमच्या (लिटरला 8 मिलिग्रॅम) आसपास जातंय, साध्या 5 टक्क्याच्या बियरला बास झालं.

एमआयडीसी_पोरगा:
5 टक्क्याला बास. 1.070 घनतेच्या वरच्या, म्हणजे जास्त साखरेच्या कडक बियरच्या वर्टला नाही. हवेत ऑक्सिजनच 21 टक्के, त्यामुळं हलवा नाहीतर फिश टँकचा पंप लावा, गाडी 8-9 लाच थांबते, 10-12 पाहिजे तर शुद्धच लागतो. 0.5 मायक्रॉनचा स्टोन (बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र तुकडा), नळीच्या मध्ये फिल्टर, मिनिटभरात काम. फक्त शेगडी विझवलेली पाहिजे आणि रेग्युलेटरला तेल-ग्रीस अजिबात नको, पेट घेतंय. 20 लिटर हलवून पाठ धरते ते कुणी बोलतच नाही.

निवृत्त_बाबू:
परवान्याशिवाय घरी बियर करणं महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, एवढं तरी लिहा कुणीतरी.

कडकभाकरी:
लिहिलंत की काका तुम्हीच, बरं झालं.

जुनी_मिल:
सगळे किती किती करायलेत, कधी ते कुणी बोलेना. ऑक्सिजन द्यायचा तो यीस्ट टाकायच्या वेळेला. बियर तयार झाल्यावर एक थेंब हवा नको, ओल्या पुठ्ठ्याची चव येते आणि उन्हाळ्यात तर आणखी लवकर. इथं सिलेंडरवर भांडणारे बाटल्या भरताना वरनं खळखळ धार सोडतात, ते आधी बंद करा, नळी बुडापर्यंत घाला.

सातरस्ता_ब्रू:
हे एक नंबर बोललात. गाळवाल्यांनी हवा द्या, माझी ना नाही, पण 5 टक्क्याच्या बियरसाठी सिलेंडर माझ्या घरात येणार नाही. ओला सोलापुरी टॉवेल गुंडाळून कॅन पंख्याखाली ठेवला की माझं भागतंय.

एमआयडीसी_पोरगा:
टॉवेलनं किती डिग्री उतरतंय ते थर्मामीटर लावून टाका इथं, मग बोलू.