प्रति: संत्र्याची जुनी झाडं कॉफीसारखी बुडाजवळ कापावीत का?

कॉफीच्या म्हाताऱ्या मळ्यात झाड जमिनीपासून फूट-दीड फुटावर तिरकं कापतात, नवे फुटवे आले की जोमदार दोनच राखतात, तसंच आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडच्या जुन्या संत्र्याला का करू नये, असं वर एका भाऊंनी विचारलंय. करू नका भाऊ. कॉफी बहुतेक बियांवरूनच लावलेली, बुडापासून फुटली तरी कॉफीच. आपला संत्रा म्हणजे जंभेरीच्या (काटेरी रानलिंबाच्या) खुंटावर संत्र्याचा डोळा बसवून केलेलं कलम, आणि तो डोळा असतो वीतभर उंचीवर. त्याच्या खालून जे फुटेल ते जंभेरीचंच. माझ्या मामांनी हाच प्रयोग तीन झाडांवर केला. पावसाळ्यात फुटवे असे आले की मामा खूश! पुढं पाहतो तर पानं मोठाली, काटे बोटभर. दोन झाडं निव्वळ जंभेरी. लोणच्याला कामाला आली, एवढंच.

खताच्या आधी सल, म्हणजे वाळक्या फांद्या, काढा, हे वर कुणी म्हटलंय ते मात्र पटलं. फक्त वाळकी फांदी नेमकी सुकल्या जागी तोडू नका, दोन सेंटिमीटर हिरवा भाग घेऊन कापा. आरी दर झाडाला कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवायची, नाहीतर रोग आपणच वाटत फिरतो. मोठ्या कापांना बोर्डो मलम: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करा, आणि लोखंडी घमेलं नको, प्लास्टिकची बादली घ्या. शेणखत बुंध्याशी ओतू नका. खाणारी मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात, आणि बुंधा ओला राहिला की डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) आलाच.