शब्दचर्चा : ‘अर्धायुष्य’ संपल्यावर उरतं काय?

प्रश्न : कारखान्यातल्या कामगारांसाठी किरणोत्सर्गी पदार्थांविषयीच्या एका सुरक्षापत्रकाचं मराठी करते आहे. ‘कोबाल्ट-६०चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे’ असं लिहून धाकट्या दिरांना वाचायला दिलं. ते म्हणाले, “म्हणजे साडेदहा वर्षांनी भंगारात घालायला हरकत नाही.” शब्द चुकला की वाचणारा?

प्रतिसाद : ताई, शब्दच फसवा आहे. आयुष्य म्हटलं की त्याला शेवट आला, आणि अर्धं सरलं की उरलेलं अर्धं तेवढ्याच काळात सरणार, हा हिशोब कुणीही करील. इथे मात्र दर वेळी उरलेल्याचं निम्मं होतं. साडेदहा वर्षांनी पाव भाग शिल्लक, सोळाएक वर्षांनी दोन आणे. दिल्लीतल्या मायापुरीचं प्रकरण आठवा. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षं बंद पडून असलेलं गॅमा यंत्र २०१० साली लिलावात भंगारवाल्यांकडे गेलं. तोवर त्यातल्या कोबाल्टची सात-आठ अर्धायुष्यं उलटली होती, म्हणजे मूळच्या दोनशेव्या हिश्शाच्या आसपास उरलं असेल. तेवढ्यानंही एका कामगाराचा जीव गेला. माझं मत : ‘निम्मे होण्याचा काळ’ लिहा. लांबतं, पण कुणी फसत नाही.

प्रतिसाद : आणि किरणोत्सर्गी पदार्थ असा घटत जातो त्याला ‘क्षय’ म्हणतात, त्याचं काय? आमच्या आईला क्षय म्हणजे टीबीच. त्यात कोबाल्ट झिजून नाहीसा होतो असंही नाही, त्याचं निकेल होतं. तरी मला शब्द आवडतो. चंद्रकला क्षय पावतात तसं हे आपल्या चालीनं होतं. तापवा, ठोका, आम्लात बुडवा, वेग बदलत नाही.

प्रतिसाद : जरा अवांतर. लासलगावच्या केंद्रात कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून कोबाल्टची गॅमा किरणं देतात. त्याला कुणी ‘किरणोत्सर्गी कांदा’ म्हटलं की माझं डोकं फिरतं! उत्सर्ग म्हणजे बाहेर टाकणं. कांदा काहीच टाकत नाही, त्याच्यावर नुसती किरणं पडली. उन्हात ठेवलेली वाळवण रात्री उजेड देते का? ‘किरणप्रक्रिया केलेला कांदा’ म्हणा. याउलट १९८७ साली ब्राझीलच्या गोयानिया शहरात फोडलेल्या यंत्रातली सीझियमची निळी चमकणारी पूड लोकांनी हाताळली, अंगाला फासली. तिथे किरणोत्सर्गी पदार्थच माणसांना चिकटला. चार जण दगावले. ‘किरणोत्सर्गाची बाधा’ हा एकच शब्दप्रयोग दोन्हीकडे वापरला तर वाचणाऱ्याला कळायचं कसं? पहिल्यात किरणांपासून लांब गेलं की मारा थांबतो. दुसऱ्यात पूड अंगाबरोबर घरी येते.

प्रतिसाद : मी वेल्डिंगचे जोड गॅमा किरणांनी तपासणाऱ्यांबरोबर काम केलंय. किरणं सोडणाऱ्या तुकड्याला आमच्यात ‘स्रोत’ कुणीच म्हणत नाही. ‘सोर्स’ कॅमेऱ्यात, म्हणजे त्याच्या किरणं अडवणाऱ्या पेटीत, परत गेला का, एवढंच विचारतात. आमच्या इरिडियम-१९२चा निम्मे होण्याचा काळ ७४ दिवस, म्हणून सोर्स सारखा बदलावा लागतो. पत्रकात सोर्सच लिहा. ‘स्रोत’ वाचून माणूस विहीर शोधेल.

प्रश्नकर्ती : सगळ्यांचे आभार. आता असं केलंय : “सोर्स बाहेर पडलेला दिसला तर हात लावू नका, खिशात घालू नका. लांब व्हा, अंतर दुप्पट केलं की मारा चौथाई होतो. इतरांना अडवा आणि सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा. सोर्स जुना असला तरी भंगारात देऊ नका.” दिरांनी वाचलं. त्यांची एकच शंका : ‘मारा’ म्हणजे नक्की कोण कुणाला मारतंय?