प्रेमभंग: भंग कशाचा, आणि कोणाचा?

शंका: ‘प्रेमभंग’ आणि ‘ब्रेकअप’ हे समानार्थी मानावेत का? ‘हृदय तुटणे’ हा मराठी वाक्प्रचार म्हणता येईल का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. मराठीत तुटतो तो जीव, आणि तोही दुसऱ्यासाठी. परगावी शिकणाऱ्या मुलाच्या जेवणाची आबाळ ऐकून आईचा जीव तुटतो, तेव्हा ती माया संपल्याची नव्हे, शाबूत असल्याची खूण असते. मन मोडते खरे, पण ‘त्याचे मन मोडवेना’ म्हणजे त्याला नाही म्हणवेना, एवढेच. ‘हृदय तुटले’ हे हिंदी गाण्यांच्या वाटेने आलेले वळण असावे. माझ्या कानाला ते अजून उपरे वाटते.

‘प्रेमभंग’ची गंमत त्याच्या व्याकरणात आहे. आज्ञाभंग, व्रतभंग, शिस्तभंग हे कोणीतरी करतो आणि त्याला जाबही विचारता येतो. प्रेमभंग मात्र अपेक्षाभंगासारखा होतो, आणि सहसा एकाचाच होतो. ‘त्याचा प्रेमभंग झाला’ हे वाक्य तेवढ्यावर पुरे होते, त्यात दुसऱ्या व्यक्तीला जागाच लागत नाही. ‘ब्रेकअप’ला दोघे लागतात: ‘आमचे ब्रेकअप झाले’ (काही जण ‘झाला’ म्हणतात, लिंग अजून स्थिरावलेले नाही), किंवा ‘तिने ब्रेकअप केले’. एकतर्फी प्रेमात प्रेमभंग होऊ शकतो, ब्रेकअप होऊ शकत नाही. म्हणून हे शब्द समानार्थी नव्हेत.

हे व्याकरण आपल्या वाचनातही उतरते, असे मला स्वानुभवावरून वाटते. बंगाली लेखक शरच्चंद्रांची ‘देवदास’ (1917) ही कादंबरी मी विसाव्या वर्षी मराठी अनुवादात वाचली, ती ‘त्याचा प्रेमभंग झाला’ याच वाक्याचा विस्तार म्हणून. त्या काळी मला प्रत्येक कादंबरीत एक दुखावलेला तरुण हवा असे, आणि तो बहुधा मीच असे. पंचेचाळिशीत तीच पुन्हा उघडली, तेव्हा रात्री एकटी देवदासच्या खोलीत आलेली त्याची बालमैत्रीण पारो आधी दिसली. कच खाल्ली त्याने, आणि नकाराचे पत्र धाडले तेही त्यानेच. पुढे घाटावर तिने त्याला सुनावल्यावर मासे धरायच्या गळाच्या काठीने तिच्या कपाळावर वण उठवणाराही तोच. पहिला प्रेमभंग पारोचा, पण ती बिजवराचे घर आणि त्याची वाढलेली मुले सांभाळायला निघून गेली, आणि ‘देवदास होणे’ हा वाक्प्रचार त्याच्या वाट्याला आला. ‘पारो होणे’ असे कोणी म्हणत नाही.

जाता जाता ‘विरह’ आणि ‘विप्रलंभ’ (संस्कृत काव्यशास्त्रात प्रेमिकांच्या दुराव्याचा शृंगार). ‘साहित्यदर्पण’ या काव्यशास्त्रावरील संस्कृत ग्रंथाचा कर्ता विश्वनाथ याने विप्रलंभ शृंगाराचे पूर्वराग (मीलनाआधीची ओढ), मान (रुसवा), प्रवास आणि करुण (मृत्यूने झालेली ताटातूट) असे चार प्रकार सांगितले आहेत, आणि चारांतही प्रेम टिकून असते. दुरावते ते माणूस. म्हणून प्रेम संपल्यावर ‘विरह’ वापरणे चूकच. नवल असे की ‘विप्रलंभ’चा दुसरा अर्थ फसवणूक असाही आहे.

प्रतिसाद: विवेचन पटले, मात्र दोघांना सामावणारा शब्द आपल्याकडे नव्हता असा त्यातून ग्रह होऊ नये. आमच्या घरात ‘त्यांचे बिनसले’ किंवा ‘त्यांचे फिसकटले’ असेच म्हणत आणि दोष कोणाचा ते मोघम ठेवत.

उत्तर: ‘बिनसणे’ निसटलेच होते, आभार. ते भागीदारांचेही होते आणि जावाजावांचेही, त्यामुळे त्यात प्रेमाचा उल्लेख टळतो. कदाचित म्हणूनच ते घरात बोलता येत असावे. ‘माझा प्रेमभंग झाला’ हे वाक्य मी तरी कोणाच्या तोंडून गंभीरपणे ऐकलेले नाही. तो शब्द आपण दुसऱ्यांविषयी वापरतो, किंवा स्वतःची थट्टा करताना.