आधी लेन्स घ्या, बॉडीचं नंतर बघू

दादा, कॅनन १५००डी कॅमेरा बदलायचा आहे, पण नवी बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) येणार अशी चर्चा आहे, म्हणून थांबू का असं विचारलंय तुम्ही. माझं ऐका, चर्चेवर थांबू नका. बेळगावात शिवजयंतीचे चित्ररथ रात्रभर चालतात, अन् कमी उजेडाची खरी अडचण तिथंच येते.

तुमची १८-५५ किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळालेली) ५५ एमएमपर्यंत झूम केली की एफ/५.६वर येते; एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो. त्याच बॉडीवर ५० एमएम एफ/१.८ लावली की नऊपटीहून जास्त उजेड मिळतो. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४००वर जिथं १/३० सेकंदाचं शटर मिळत होतं, तिथं १/२५० मिळेल आणि लेझीमवाल्याचा हात हललेला येणार नाही. नुसती बॉडी बदलून एवढा फरक पडत नाही. तुमच्या कॅमेऱ्याच्या क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) ही ५० एमएम लेन्स ८० एमएमसारखी जवळचं दाखवते, तेव्हा गल्लीत मागं सरकायला जागा आधीच हेरून ठेवा.

लेन्स वाया जात नाही. कॅननच्या १९८७च्या ईएफ माउंटच्या (लेन्स बसवायच्या जोडणीच्या) लेन्स आजही अ‍ॅडॉप्टरनं कॅननच्या नव्या आर मालिकेच्या कॅमेऱ्यांवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनवाल्यांनी मात्र जपून, जुन्या एएफ-डी लेन्सना एफटीझेड या निकॉनच्या अ‍ॅडॉप्टरवर ऑटोफोकस मिळत नाही.

भीमगड अभयारण्यात उडते पक्षी टिपायचे असतील तर गोष्ट वेगळी, तिथं बॉडीचं ऑटोफोकसच कामाला येतं. तेव्हा नवं मॉडेल येऊ द्या, आणि आधीचं उतरलेल्या भावात घ्या.