काउंटी म्हणजे जिल्हा का? आणि ‘ऑथॉरिटी’ला अधिकार म्हणावं की अखत्यार?

रानजाई:
मी अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स काउंटीत राहते. मंडळाच्या अंकासाठी एक साधी बातमी मराठीत लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्यात अडकले.

बातमी अशी की 1 जानेवारी 2026 पासून इथे हॉटेलातल्या खाण्यावर काउंटीचा 4 टक्के कर लागतो. चाळीस डॉलरचं जेवण झालं तर 2 डॉलर 40 सेंट विक्रीकर आधीपासून होताच, आता वर 1 डॉलर 60 सेंट. चव्वेचाळीस झाले, टिप वेगळी. गंमत म्हणजे 2016 साली याच करावर मतदान झालं तेव्हा लोकांनी चक्क नाही म्हटलं होतं. पण 2020 मध्ये राज्याने कायदा बदलला आणि काउंट्यांवरची सार्वमताची अट काढून टाकली.

मी लिहिलं, “राज्याने जिल्ह्याला अधिकार दिले.” सासऱ्यांनी वाचून विचारलं, “म्हणजे कलेक्टरला?” तेव्हापासून जिल्हाही खटकतोय आणि अधिकारही.

दप्तरदार:
सासऱ्यांचं काय चुकलं? आपल्याकडे जिल्हा म्हटला की आधी कलेक्टर कचेरीच डोळ्यांपुढे येते. तुमच्याकडे राज्याने बसवलेला असा साहेब नाही, निवडून आलेलं मंडळ कारभार बघतं. जिल्हा परिषद त्यातल्या त्यात जवळची, पण काउंटी हे प्रदेशाचंही नाव आहे आणि परिषद हे नुसतं संस्थेचं. काउंटी क्रिकेटमुळे शब्द कानावर आहेच, तोच ठेवा.

अधिकाराऐवजी मात्र ‘अखत्यार’ घ्या. जिल्हा परिषदेत उभी नोकरी केली, त्यात “हे आमच्या अखत्यारीत येत नाही” हे वाक्य जितक्यांदा बोललो तितक्यांदा स्वतःचं नावही सांगितलं नसेल. माझ्या कानाला अधिकार अंगचा असू शकतो, अखत्यार कुणीतरी सोपवलेला. मुखत्यारपत्रातला मुखत्यार त्याच अरबी धातूतला.

रानजाई:
काका, मुखत्यारपत्र म्हणालात आणि गाठच सुटली! इथे ‘डिलन रूल’ चालतो. 1868 साली आयोवातले न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी मांडला, व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1896 मध्ये उचलला. राज्याने जे स्पष्ट शब्दांत दिलं, त्यातून जे ओघाने येतंच आणि ज्यावाचून काम चालणारच नाही, तेवढंच स्थानिक संस्थेला करता येतं. शंका आली तर निकाल संस्थेच्या विरुद्ध.

दप्तरदार:
म्हणजे विशेष मुखत्यारपत्र. कागदावर “सातबाऱ्याच्या कामापुरतं” लिहिलंय, तर मुखत्यार जमीन विकू शकत नाही. आमच्याकडेही 1961 च्या जिल्हा परिषद अधिनियमाला सूच्या जोडलेल्या आहेत, कामं त्या बघूनच.

काही राज्यांत ‘होम रूल’ असतो ना, म्हणजे स्थानिक संस्थेला कारभाराची सरसकट मुभा? ते मग कुलमुखत्यारपत्र. (होमरूल म्हटलं की आम्हाला 1916 आणि टिळकच आठवणार, त्याला इलाज नाही.)

रानजाई:
तिथे उपमा थोडी लंगडते. कुलमुखत्यारपत्र लिहून देणारा ते सहसा परत घेऊ शकतो. काही राज्यांत होम रूल थेट राज्याच्या घटनेत आहे, विधिमंडळाला वाटलं म्हणून काढता येत नाही. डिलनसाठी मात्र उपमा फिट्ट.

निगडीकर:
ऑथॉरिटी म्हणजे प्राधिकरण नाही का? आमच्याकडे तर प्राधिकरण म्हणजे बसस्टॉप.

रानजाई:
तेही आहे, आणि त्यावरूनच मोठा खटला झाला. उत्तर व्हर्जिनियासाठी 2002 साली एक वाहतूक प्राधिकरण स्थापन झालं. 2007 मध्ये विधिमंडळाने त्याला कर बसवायची मुभा दिली. 2008 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कर बसवणं हे लोकांनी त्यासाठी निवडलेल्यांचं काम, ते असं प्राधिकरणाकडे सोपवता येत नाही. शेवटी 2013 मध्ये विधिमंडळाने स्वतःच कर बसवला आणि पैसे प्राधिकरणाकडे वळवले. आमच्या 6 टक्के विक्रीकरातले 0.7 टक्के त्यातलेच. थोडक्यात, प्राधिकरण होतं पण कराचा अखत्यार नव्हता. इंग्रजीत दोन्हीकडे ऑथॉरिटीच, वाचताना डोकं फिरतं.

खारीबिस्किट:
दोन चिल्लर सूचना. ‘जनरल असेंब्ली’चं ‘सर्वसाधारण सभा’ करू नका, ती सोसायटीची असते आणि तिथे चहा मिळतो. विधिमंडळ म्हणा. आणि शेरीफला नगरपाल म्हणाल तर मुंबईकरांना वाटेल नुसतं मानाचं पद आहे. तुमच्याकडचा निवडून येतो आणि तुरुंग सांभाळतो.

बाकी त्या खाण्यावरच्या कराला ‘भोजनकर’ म्हणाल तर आडनाव वाटतं. हॉटेलपट्टी म्हणा. घरपट्टी, पाणीपट्टीच्या पंगतीत बसते, आणि पट्टी म्हटली की ती गावकारभाऱ्यांनी बसवलीय हे सांगावं लागत नाही.

रानजाई:
हॉटेलपट्टी घेतली! दरवर्षी काउंटी मोटारीवर कर घेते त्याला गाडीपट्टी. आता एकच अडलंय. ‘काउंटी रोड’ला जिल्हा मार्ग चालेल?

दप्तरदार:
रस्ता कुणाच्या ताब्यात, ते आधी सांगा. आमच्याकडे ग्रामीण मार्ग परिषदेकडे, राज्य मार्ग बांधकाम खात्याकडे.

रानजाई:
1932 च्या कायद्याने काउंट्यांमधले रस्ते राज्याने स्वतःकडे घेतले. आर्लिंग्टन आणि हेन्रायको या दोनच काउंट्या आज आपले रस्ते आपण राखतात. आमच्या गल्लीतला बर्फही राज्याच्या वाहतूक खात्याने काढायचा.

दप्तरदार:
मग ‘काउंटीचा रस्ता’ लिहूच नका. ‘काउंटीतला रस्ता’ लिहा. आर्लिंग्टनबद्दल लिहाल तेव्हा खुशाल ‘चा’ लावा.